पाण्याखालचा चष्मा

दत्तजयंतीला माणिकनगरला जायचे म्हणून माझी भाची हैदराबादहून आली होती. दर्शन झाले, प्रसाद झाला, आणि रात्री हळ्ळीखेडला परतल्यावर ओसरीवर बसून तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. "मामा, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना? मग सांगा, यातला कुठला घेऊ?"

पडद्यावर दोन मास्क होते. दोन्ही काळे, दोन्हींना पुढे काच, मागे पट्टा. एकाची किंमत १,८०० रुपये आणि दुसऱ्याची ९,५०० रुपये.

आतून तिची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणाली, "मास्क? अजून कोरोना हाय काय तिकडं?"

"आई, तो मास्क नाही. समुद्रात खाली जाताना डोळ्यांवर लावायचा."

किंमत कानावर पडल्याबरोबर बहीण हात पुसत बाहेरच आली. "साडेनऊ हजारांचा चष्मा, आणि तो पाण्यात घालायला! अण्णा, तू तरी तिला काही सांग की. तेवढ्यात चार तोंडांचा किराणा येतोय महिनाभर. सोनं घे म्हटलं तर घेत नाही."

"तेवढ्यात एक ग्रॅम सोनंही येत नाही आता," भाची म्हणाली.

मी काही बोललो नाही. हळ्ळीखेडपासून मालवणचा समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरच्या पुढे आहे. इथे पाण्याचा प्रश्न म्हणजे बोअरला पाणी लागले की नाही, हा. पाण्याच्या आत काय दिसते हा प्रश्न आमच्या घरात पहिल्यांदाच निघाला होता. पण त्यामागे एक गोष्ट होती, ती भाचीने आई आत गेल्यावर सांगितली.

दिवाळीच्या सुट्टीत ती ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मालवणला गेली होती. सिंधुदुर्ग किल्ला पाहिला. आणि हल्ली मालवणला जाणारा प्रत्येक जण करतो तसे स्कूबा डायव्हिंगही करायचे ठरले. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क, आणि हाताला धरून नेणारा प्रशिक्षक. हजार-दीड हजार रुपयांत पाण्याखालची काही मिनिटे. भाचीला चष्मा आहे, मायनस पाचचा. तो तिने बोटीवरच काढून मैत्रिणीच्या पर्समध्ये ठेवला. मास्क बोटीवरच्याच ढिगातला होता. दिवसभरात तो किती चेहऱ्यांवरून फिरला असेल कोण जाणे. पाण्यात उतरल्यावर पहिल्याच मिनिटाला नाकाजवळून पाणी झिरपू लागले. मग ते नाकाच्या वर आले. डोळे झोंबले. तोंडाने श्वास घ्यायचा हे ती विसरली, नाकाने ओढला, आणि खारे पाणी घशात गेले. प्रशिक्षकाने तिला ताबडतोब वर आणले. सगळा खेळ दोन मिनिटांत संपला. मैत्रिणींचे व्हिडिओ निघाले, त्यात पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे. हिने काय पाहिले? "हिरवा धूर," ती म्हणाली.

आता वाचकांना वाटेल, शहरी मुलगी, घाबरली. तर तसे नाही. ही पोर सातव्या वर्षी पाठीला वाळलेला भोपळा बांधून आमच्या शेतातल्या विहिरीत पडलेली आहे. नवव्या वर्षी भोपळा सोडून काठावरून उडी मारायला लागली. आमच्याकडे मुलींनी विहिरीत पोहण्याची फारशी पद्धत नव्हती, तेव्हा यावरून बोलणीही झाली होती. अशा मुलीला बोटीवर चारचौघांत धाप टाकत बसावे लागले, हे तिला लागले होते. तिला पुन्हा जायचे होते. या वेळी काही मिनिटांची सहल नव्हे, तर तीन-चार दिवसांचे रीतसर शिक्षण घ्यायचे. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाची प्रशिक्षण संस्था काढलेली आहे, खाजगी केंद्रेही बरीच आहेत. पहिल्या पातळीचे प्रमाणपत्र मिळाले की १८ मीटरपर्यंत जाता येते. तिचा खरा प्रश्न होता, महागडा मास्क घेतला तर तो गळणार नाही ना?

मी तिला म्हटले, चार दिवस दे. आणि मग मीच त्यात गुंतलो.

पहिली गोष्ट, पाण्यात उघड्या डोळ्यांनी अंधुक का दिसते? विहिरीत डोळे उघडून पोहलेल्या प्रत्येकाला हे माहीत आहे. तळाशी टाकलेले नाणे चकाकते, पण त्याची कडा दिसत नाही. पाणी गढूळ असते म्हणून नव्हे. आपल्या डोळ्याची प्रकाश वळवण्याची दोन-तृतीयांश ताकद आतल्या भिंगात नसून पुढच्या पारदर्शक पडद्यात असते, आणि तो पडदा ते काम करतो ते केवळ बाहेर हवा आहे म्हणून. हवेतून पडद्यात शिरताना किरण चांगले वळतात. पाण्यातून शिरताना ते जवळजवळ वळतच नाहीत, कारण पाणी आणि तो पडदा यांची घनता प्रकाशाच्या दृष्टीने जवळपास सारखीच. चष्म्याच्या भाषेत सांगायचे तर पाण्यात डोके बुडवताच डोळ्याचा सुमारे चाळीस नंबर एकदम उतरतो. माशाला ही अडचण नाही. त्याच्या डोळ्यातले भिंग गोटीसारखे गोल असते.

म्हणून मास्क. त्याचे मूळ काम एवढेच की डोळ्यापुढे मूठभर हवा धरून ठेवायची. काच हे त्या हवेचे दार. हवा मिळाली की डोळा नेहमीसारखा काम करतो. फक्त सपाट काचेमुळे सगळे एक-तृतीयांश मोठे आणि त्या मानाने जवळ दिसते, त्यामुळे पहिल्यांदा पाण्याखाली गेलेला माणूस माशाला हात लावायला जातो आणि हात अलीकडेच राहतो. (मालवणहून आलेल्यांनी सांगितलेल्या माशांच्या आकारातून एक-चतुर्थांश वजा करावा, असे माझे मत झाले आहे.)

याला एक अपवाद वाचनात आला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. थायलंड-म्यानमारच्या किनाऱ्यावर मोकेन नावाचे समुद्रावर राहणारे लोक आहेत. त्यांची मुले कसलाही चष्मा न लावता तळावरचे शिंपले वेचतात. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या अ‍ॅना गिस्लेन यांनी त्या मुलांची नजर तपासली आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध केले. युरोपातल्या मुलांपेक्षा ही मुले पाण्याखाली दुपटीने बारीक पाहू शकत होती. ती पाण्यात बाहुली अगदी बारीक करतात आणि भिंगावर जास्तीत जास्त ताण देतात. पुढे सरावाने युरोपातल्या मुलांनाही हे बरेचसे जमले. म्हणजे आमच्या विहिरीतल्या नाणी काढणाऱ्या पोरांमध्ये एखादा जास्त पटाईत असायचा, त्यात नुसते नशीब नसावे.

हवा धरून ठेवायची, हे झाले. पण मग पोहण्याच्या तलावावर मुले लावतात तो दोन वाट्यांचा चष्मा का चालत नाही? तो तर दोन-तीनशे रुपयांत मिळतो. बहिणीने हाच प्रश्न विचारला होता, आणि तो अगदी रास्त आहे. उत्तर नाकात आहे. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि अडकलेली हवा निम्मी होते. हा बॉइलचा नियम आपण शाळेत घोकलेला आहे. डोळ्यांपुढची हवा आक्रसली की चष्मा डोळ्यांना सुंभासारखा आवळत जातो. डोळ्यांतल्या बारीक शिरा फुटून पांढरे बुबुळाभोवतीचे भाग लाल होतात. यावर उपाय म्हणजे उतरताना नाकातून थोडी थोडी हवा मास्कमध्ये सोडत राहायची. त्यासाठी नाक मास्कच्या आत हवे. वाट्यांच्या चष्म्यात नाक बाहेर राहते, म्हणून तो पोहण्याला ठीक, खाली जाण्याला नाही. शिवाय मास्कचा नाकाचा कप्पा मऊ हवा, बाहेरून चिमटीत धरता येईल असा. का, ते पुढे सांगतो.

आमच्या गल्लीत एक तात्या आहेत. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह अडकला, बादली पडली, गळ टाकूनही भांडे निघाले नाही की लोक त्यांना बोलवायचे. कधी यापेक्षा वाईट कामासाठीही बोलवायचे, आणि ते नाही म्हणायचे नाहीत. आता बोअर झाले, सबमर्सिबल आले, विहिरी उकिरड्यासारख्या झाल्या. तात्याही सत्तरीकडे आले. भाचीच्या मास्कचा विषय काढून मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. विचारले, तात्या, तुम्ही डोळ्यांना काही लावत होता काय?

"सर, चार परस पाण्याखाली डोळ्यानं कोण बघतंय? हातानं बघायचं. पायानं बघायचं. डोळं मिटून घ्यायचं, मंजी घाबरत नाही माणूस."

त्यांना डाव्या कानाने ऐकू येत नाही. तिशीत असताना एका खोल विहिरीत फूटव्हॉल्व्ह सोडवायला उतरले, कान ठणकायला लागला, तसेच रेटून खाली गेले, आणि आत काहीतरी फटकन झाले. वर आल्यावर कानातून रक्त. नंतर वर्षभर पू वाहत राहिला. तेल घातले, लसूण घातला, तो कान गेला तो गेलाच.

चार परस म्हणजे सात मीटर धरा. तेवढ्या खोलीवर पडद्याच्या बाहेरचा दाब वरच्यापेक्षा पाऊणपट वाढतो आणि आतली हवा तशीच राहते. पडदा आत दाबला जातो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच फुंकले तर घशातून हवा कानाच्या आतल्या बाजूला जाते आणि दोन्हीकडचा दाब सारखा होतो. स्कूबाच्या वर्गात पहिल्या तासाला हे शिकवतात. दुखायला लागण्याआधीच, दर तीन-चार फुटांवर करायचे; जमले नाही तर थोडे वर यायचे, रेटायचे नाही. मास्कचा नाकाचा कप्पा मऊ हवा तो यासाठी. तात्यांना या युक्तीसाठी मास्कही लागला नसता, दोन बोटे पुरली असती. पण ती सांगणारे कोणी भेटले नाही. मी त्यांना हे समजावून सांगितले तेव्हा त्यांनी लगेच नाक धरून फुंकून पाहिले आणि उजव्या कानाला हात लावत म्हणाले, "ह्यातनं वाजलं की!"

आता पैशांकडे येऊ. १,८०० आणि ९,५०० यांमध्ये ७,७०० रुपयांचा फरक आहे. तो कशाचा?

सर्वांत खाली जे तीनशे-चारशे रुपयांचे जलक्रीडेचे संच मिळतात, ते आधी बाजूला काढले पाहिजेत. त्यांत काचेऐवजी प्लास्टिक असते, ते चरे पडून धुरकट होते. कडेचा पडदा पीव्हीसीचा असतो, तो उन्हात कडक होतो आणि मग गालावर बसत नाही. स्कूबाच्या मास्कला घट्ट केलेली, म्हणजे टेम्पर्ड काच लागते. फुटलीच तर तिचे डोळ्यात घुसणारे अणकुचीदार तुकडे न होता बोथट कण होतात. काचेवर तसे बारीक अक्षरांत कोरलेले असते. आणि कडा सिलिकॉनची लागते. ती मऊ राहते, वर्षानुवर्षे टिकते. या दोन गोष्टींवर काटकसर करू नये. पण या दोन्ही गोष्टी १,८०० रुपयांच्या त्या मास्कमध्ये होत्या.

मग वरच्या पैशात काय येते? एक येते ती जास्त स्वच्छ काच. साध्या काचेत लोखंडाचा अंश असतो, कडेने पाहिले तर ती हिरवट दिसते. महागड्या मास्कमध्ये तो अंश कमी केलेला असतो. फरक खरा आहे. दुकानात दिव्याखाली धरला तर दिसतोही. पण कोकण किनाऱ्याचे पाणी लक्षद्वीप-अंदमानइतके नितळ नसते. चांगल्या हवामानातही काही मीटरांपुढे धुकेच असते, आणि पावसाळ्यात तर सगळेच बंद. समोर पाच मीटर हिरवे पाणी उभे असताना काचेतला जरासा हिरवेपणा काढून काय मोठे मिळणार?

दुसरे, रंग परत आणणाऱ्या छटेच्या काचा. पाण्यात सर्वांत आधी लाल रंग शोषला जातो. काही मीटर खाली गेले की कुंकूसुद्धा काळपट दिसते. जो प्रकाश डोळ्यापर्यंत आलाच नाही तो काच कुठून आणणार? ती फक्त उरलेल्या निळ्या-हिरव्याला थोडे अडवते, म्हणजे एकूण उजेड कमी करते. लाल रंग पाहायचा तर सोबत बॅटरी न्यावी.

तिसरे, चौकट नसलेली बांधणी. यात काच थेट सिलिकॉनमध्ये बसवलेली असते, मास्क डोळ्यांच्या जवळ येतो, आत हवा कमी राहते. हा गुण मला पटला. हवा कमी म्हणजे दाब सारखा करायला कमी फुंकावे लागते, आणि पाणी शिरले तर बाहेर काढायलाही. पण ही बांधणी मधल्या किमतीतही मिळते. चौथे, चिमटीने फिरणाऱ्या बकला, पट्टा सुटण्याची सोय, डबी. पाचवे, नाव. इटलीतली क्रेसी १९४६ पासून आणि मारेस १९४९ पासून हा माल करते. अशा जुन्या कंपन्यांचा साधा मास्कही भरवशाचा असतो, आणि महागाचा जो असतो त्यात पुष्कळदा तीच गोष्ट जास्त सुबक केलेली असते. वर्गात मी घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त शिकवताना पेढ्यांचे उदाहरण देतो. पहिला पेढा, दुसरा पेढा, आणि सातव्याला नको म्हणतो माणूस. मास्कच्या बाबतीत तिसऱ्या हजारानंतरचे पेढे बरेचसे तसे आहेत.

आणि वाफ धरण्याचे काय? महागडा मास्क धुके धरत नाही अशी जाहिरात असते. नवा मास्क, कुठल्याही किमतीचा, पहिल्यांदा धुके धरतोच, कारण सिलिकॉनचा एक पातळ थर काचेच्या आतल्या बाजूला बसलेला असतो. साधी पांढरी टूथपेस्ट लावून दोन-चार वेळा घासली की जातो. (काचेला आतून खास लेप दिलेला असेल तर मात्र घासू नये, लेपच निघतो.) नंतर दर वेळी उतरण्यापूर्वी लहान मुलांच्या शांपूचा थेंब, किंवा सरळ थुंकी लावून विसळायचे. जगभरचे पाणबुडे थुंकीच वापरतात. बहिणीने हे ऐकून पदर तोंडाला लावला.

एक वेगळा प्रकार दुकानांत दिसतो, त्याबद्दल सावध करतो. पूर्ण चेहरा झाकणारा, वर नळी असलेला. दिसायला तोच सर्वांत भारी वाटतो. पण तो पृष्ठभागावर तरंगत खाली पाहण्यासाठी आहे, सिलिंडर घेऊन खाली जाण्यासाठी नाही. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही. मार्च २०२० मध्ये इटलीतल्या ब्रेशियात इस्पितळांची साधने संपली तेव्हा तिथल्या एका छोट्या कंपनीने याच मास्कला छापील नळी जोडून रुग्णांना प्राणवायू देण्याची सोय केली होती. म्हणजे बहिणीचा पहिला प्रश्न अगदीच अस्थानी नव्हता.

आता मूळ प्रश्न. महाग मास्क गळत नाही का? गळतो. मास्क गळणे हे किमतीवर नव्हे, चेहऱ्यावर अवलंबून असते. गालाचे हाड, कपाळाची रुंदी, नाकाखालची जागा, हसताना पडणारी वळी. यांत कुठेही कडा उचलली की पाणी आत. एकाच्या चेहऱ्यावर ९,५०० चा गळेल आणि त्याच्या शेजाऱ्याच्या चेहऱ्यावर १,८०० चा बसेल. पाहायची रीत सोपी आहे. पट्टा पुढे टाकून द्यायचा, केस मागे घ्यायचे, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवायचा आणि नाकाने हलकेच श्वास ओढून धरायचा. हात सोडल्यावर मास्क तसाच चिकटून राहिला तर तो तुमचा. पडला तर कितीही सुंदर असो, ठेवून द्यायचा. पट्टा करकचून आवळला की गळणे थांबेल असे वाटते, उलट त्याने कडा दुमडून जास्त गळते.

आणि हे मोबाइलच्या पडद्यावर कसे पाहणार? भाचीला मी फोनवर हेच सांगितले. दोन्ही बाजूला ठेव, आधी कुठेतरी जाऊन तोंडाला लावून पाहा.

पण तिच्यासाठी यापेक्षाही मोठी गोष्ट दुसरी होती. मायनस पाच. मालवणला तिचा मास्क अजिबात गळला नसता तरी तिला हिरवा धूरच दिसला असता! एक-दोन नंबर असलेल्याचे पाण्याखाली भागून जाते, कारण सगळे जवळ दिसते. पाचला भागत नाही. चष्मा मास्कच्या आत घालता येत नाही, त्याच्या काड्या कडेखालून जातात आणि पाण्याला वाट होते. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स काही जण वापरतात, पण मास्कमध्ये पाणी शिरून डोळे उघडले की ती वाहून जाऊ शकते, आणि पाण्यातल्या जंतूंचा संसर्ग हा एक धोका असतोच. तिसरा मार्ग म्हणजे दोन काचांचे असे मास्क, ज्यांच्या मूळ काचा काढून तयार नंबरच्या काचा बसवता येतात. त्या अर्ध्या-अर्ध्या नंबराच्या टप्प्याने मिळतात. सिलिंड्रिकल नंबर मोठा असेल तर मात्र वेगळी बनवून घ्यावी लागते, ती महाग पडते. त्या ९,५०० च्या मास्कला एकच अखंड काच होती. म्हणजे ज्या एका कारणासाठी तिने जास्त पैसे मोजायला हवे होते, तेच त्यात नव्हते.

माझे मत मी बहिणीसमोरच सांगितले. ज्याला आयुष्यात एकदा मालवणला खाली जाऊन यायचे आहे त्याने काहीही विकत घेऊ नये. बोटीवरचा मास्क घ्यावा, पण घेण्यापूर्वी श्वास ओढून दोन-तीन लावून पाहावेत. मागितले तर देतात. ज्याला शिकायचे आहे त्याने मात्र सिलिंडर, जाकीट, नळ्या सगळे भाड्याने घेऊन मास्क तेवढा स्वतःचा घ्यावा, कारण चेहरा भाड्याने मिळत नाही. बहीण म्हणाली, "म्हंजे घ्यायचाच म्हणतोस." मी म्हटले, होय, पण साडेनऊचा नाही.

भाचीने त्यावर एक बिनतोड मुद्दा काढला. ती म्हणाली, "मामा, समजा बसला आणि आवडला, आणि पैसे माझे आहेत, तर ९,५०० चा घेतला तर काय पाप आहे? तुम्ही नाही का पुस्तकाची पक्क्या बांधणीची प्रत घेत? मजकूर तोच असतो की." याला माझ्याकडे उत्तर नव्हते. चांगला मास्क गोड्या पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून, डबीत ठेवला तर दहा-दहा वर्षे जातो. वर्षातून चार वेळा खाली जाणाऱ्याला तो हिशेब परवडेलही. फक्त तो हौसेचा खर्च आहे हे स्वतःला माहीत असावे. सुरक्षिततेसाठी घेतला, असे म्हणू नये. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. ते स्कूबा करून परतत होते. पाण्यातला धोका कुठून येईल हे मास्कच्या किमतीवर ठरत नाही. बोटीत किती माणसे घेतली आहेत आणि अंगात लाइफ जॅकेट आहे की नाही, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

शेवटी तिने पुण्यात मैत्रिणीकडे गेली असताना एका दुकानात सहा मास्क नाकाला लावून पाहिले. १,८०० चा गालावर उचलला जात होता. ९,५०० चा तिथे होता, तो कपाळावर बसेना. चिकटून राहिला तो दोन काचांचा, ३,२०० चा. त्यात मायनस पाचच्या दोन काचा बसवून घेतल्या. सगळे मिळून साडेसहा हजारांच्या आत झाले. फेब्रुवारीत सुट्टी काढून ती तारकर्लीला गेली. पहिल्या दिवशी तलावात प्रशिक्षकाने सांगितले, मास्कमध्ये मुद्दाम पाणी भरा. अर्धा भरा, मग पूर्ण भरा, मग काढून हातात घ्या आणि पुन्हा लावा. वरची कड कपाळावर दाबायची, मान वर करायची आणि नाकातून जोरात फुंकायचे. खालच्या कडेने सगळे पाणी निघून जाते. पहिल्यांदा ती पुन्हा घाबरली, उभी राहिली. दुसऱ्यांदाही. दुपारपर्यंत तिने तो प्रकार, तिच्याच शब्दांत, "वीस-पंचवीस वेळा, रागाने" केला. तिसऱ्या दिवशी समुद्रात मास्क गळलाच, थोडासा, कारण एक मोठी कासवी शेजारून गेली आणि हिला हसू आले. हसले की गालाला वळी पडते आणि कडा सुटते. तिने वरची कड दाबली, फुंकले, आणि पुढे गेली.

पाडव्याला ती तो मास्क घेऊन घरी आली. बहिणीने तो उलटसुलट करून पाहिला, आरशासमोर लावूनही पाहिला, आणि "ह्यात मला काहीच दिसत नाही," म्हणून परत दिला. नंबर लेकीचा, आईला काय दिसणार? संध्याकाळी तात्या गुळ-लिंबाला आले होते, त्यांच्याही हातात गेला. मी सांगितले, तात्या, पट्टा सोडा, नाकाने श्वास ओढा, चिकटतोय का बघा. त्यांनी डोळे मिटून मोठ्या गांभीर्याने श्वास ओढला. हात सोडला. मास्क त्यांच्या भरघोस पांढऱ्या मिशीवरून घसरून मांडीवर पडला.

तात्यांनी तो उचलला, धोतराच्या सोग्याने काच पुसली आणि भाचीला देत म्हणाले, "मिशी काढावी लागंल की ग पोरी. आता ह्या वयात कशाला?"